क्रिटिसिझमचा उजवा रकाना

जे मी पाहिलंच नव्हतं ते मी कागदावर लिहिलं, खाली लफ्फेदार सही ठोकली आणि भर वर्गात उभी राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. वय वीस. अक्कल त्याहून बरीच कमी. त्या कागदापायी एका बाईची नोकरी जायची वेळ आली, आणि मी त्या दुपारी आपलं वाचन किती ठसठशीत झालं या खुशीत मीठ लावून पेरू खात बसले होते.

एवढं आधीच कबूल करून टाकते. तुमच्यातले जे पांढुर्णा-सौसरलाच राहिले ते म्हणतील, हिला आता म्हातारपणी सुचलं. जे माझ्यासारखे निघून गेले ते काही म्हणणार नाहीत. बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या पेटीत तळाशी असला एखादा कागद असतोच.

माझी पेटी लोखंडी होती, हिरवी. सत्तरच्या पुढची ती वर्षं. सौसरला मास्तरकीच्या ट्रेनिंगसाठी माझा नंबर लागला, आणि पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर अर्धी गल्ली मला पोचवायला आली. अंतर बसनं जेमतेम दोन तासांचं, पण मी अशी रडत होते की कंडक्टरनं बाबांना विचारलं, "पोरीचं लगन झालं का?" बाबा संत्र्यांचे व्यापारी. त्यांनी आयुष्यभर पेट्या उघडून माल पाहिला, त्यामुळे माझीही पेटी शेवटच्या घडीला उघडून खालचा थर पाहिलाच. मग खिशातून चावीचं घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं आणि म्हणाले, "पोरी, माल पाहाचा असते. पण संत्रं बोटानं दाबून पाहू नको. दाबलं का चांगलं असन तेही नासते." मला वाटलं, बाबांना याही वेळी धंदाच सुचतो. आई फक्त एवढंच म्हणाली, "तोंड सांभाळून राहजो." गाव सुटून पहिलं वळण लागलं तोवर मी रडायचं थांबवून घड्याळाचा हात खिडकीबाहेर ठेवला होता. समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्यालाही दिसावं म्हणून.

ट्रेनिंगला एक पद्धत होती. प्रत्येकानं शेजारच्या प्राथमिक शाळेत जाऊन खऱ्याखुऱ्या पोरांना पाठ द्यायचा, आणि मागच्या बाकावर बसून आपल्याच सोबत्यानं तो तपासायचा. दोघादोघांच्या जोड्या लावलेल्या असत. तपासणाऱ्याकडे आखलेला कागद असे. डावीकडे गुण, उजवीकडे दोष, खाली सही. या सगळ्याला म्हणायचं क्रिटिसिझम. मराठीत शिकायचं, मराठीत शिकवायचं, मुलूख मध्य प्रदेशाचा, म्हणून सरकारी कागद हिंदीत. पण हा एक शब्द इंग्रजीतून येऊन असा ठाण मांडून बसला होता की त्याच्यासाठी दुसरा कोणी शोधायच्या भानगडीतही पडत नसे.

आमच्या मोठ्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "क्रिटिसिझम म्हणजे निवाडा. निवाडा करणाऱ्यानं आधी पाहाचं, मग बोलाचं. डावा रकाना आधी भराचा, म्हणून तो डावीकडे हाय." मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेली, गल्लीतली पहिली पोरगी. मला काय गुरुजींचा अर्थ पुरणार? मी डिक्शनरी काढली. त्या शब्दाचं सगळं खटलं तिथं एका ओळीत बसलेलं होतं. सेन्शर, रिप्रूफ, फॉल्टफाइंडिंग; निंदा, ठपका, खोड काढणं. मी सगळे पाठ केले. होस्टेलमध्ये वरण पातळ झालं की मी म्हणायची, आज वरणाचं क्रिटिसिझम करावं लागेल. कुणाची वेणी, कुणाचा उच्चार, कुणाच्या नवऱ्याचं पत्र, माझा उजवा रकाना चोवीस तास उघडा. शेवटी शेवटी स्वयंपाकीणबाईसुद्धा मला पाहून म्हणायच्या, "आली बापा किरटिसीम. झाका तो भात." आणि मी त्याला कौतुक समजायची. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकणाऱ्या गावची मी. हात उचलायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

माझी जोडी लागली पंचफुलाबाईंशी. पस्तिशीच्या, सावळ्या, उंच. मोहगावच्या पलीकडल्या एका खेड्यात त्या चौदा वर्षं शिकवत होत्या, पण ट्रेनिंगविना. ते करून या असा हुकूम गेल्या वर्षी आला म्हणून दोन पोरी नवऱ्याजवळ ठेवून आल्या होत्या. सकाळी सगळ्यांना "जय भीम" म्हणत आणि उत्तराची वाट न पाहता कामाला लागत. त्यांच्या खाटेपाशी त्यांचा एक लहानसा माठ असे. मी शेजारच्या खाटेवर, पण त्या माठातलं पाणी मी कधी प्यायले नाही. विचारलं की मला तहान नसायची. हे कुणी मला शिकवलं नव्हतं आणि सगळ्यांनी शिकवलं होतं. इतकं उघडं सांगितलं म्हणजे पुढचं तुम्हाला नीट कळेल.

वार्षिक पाठासाठी छिंदवाड्याहून परीक्षक आले. पांढरा सफारी, हातात फाइल. पंचफुलाबाईंचा पाठ चौथीच्या वर्गावर, विषय आपली नदी. मी मागच्या बाकावर, कागद आखलेला, पेन उघडा, मनगट जरा वर धरलेलं. बाईंनी विचारलं, "उन्हाळ्यात नदी सुकते. मंग तिचं पाणी जाते कुठं?" पुढच्या पोरी ओरडल्या, वाफ होते, वाफ होते. बाई म्हणाल्या, बरोबर. मग शेवटच्या रांगेकडे वळून म्हणाल्या, "मंदा, तू सांग. तू तं नदीकाठची."

मंदा उभी राहिली. फ्रॉकला एकच बटण. ती गप्प. बाईही गप्प.

मी घड्याळ पाहिलं. एक मिनिट. परीक्षकांनी खुर्ची करकरवली. दोन मिनिटं. पुढच्या पोरी खुसखुसू लागल्या. मला आतून उकळी फुटत होती; एवढा मोठा दोष, आणि तो मोजायला घड्याळ फक्त माझ्याकडे! बाई मंदाजवळ जाऊन उकिडव्या बसल्या. मी काटा पाहत होते, आणि काटा पाहता पाहता वाक्य जुळवत होते. मान वर केली तेव्हा साडेचार मिनिटं झाली होती आणि बाई परत फळ्यापाशी होत्या.

पाठ संपला. मी उभी राहून वाचलं. डावीकडे एकच ओळ: अक्षर बरे. उजवीकडे चार. शैक्षणिक साहित्य अपुरे. भाषा ग्रामीण. फळ्याचा वापर नगण्य. "आणि चार, एका विद्यार्थिनीसाठी साडेचार मिनिटे वाया घालवली, तरीही तिने उत्तर दिले नाही."

"बड़ी बारीकी से देखा है बहनजी ने," परीक्षक म्हणाले. माझा कागद मागून घेतला, टाचणी लावून फाइलीत घातला. पंचफुलाबाई डस्टरनं फळा पुसत होत्या. फळा कोरा झाला तरी पुसत होत्या.

संध्याकाळी यादी लागली. सगळ्यांच्या नावापुढे काही ना काही होतं. पंचफुलाबाईंच्या नावापुढे लिहिलं होतं, निकाल राखून ठेवला. त्या यादीपुढे क्षणभर उभ्या राहिल्या, खोलीत गेल्या, माठ पालथा घातला आणि शेवटच्या बसनं गावी निघून गेल्या.

गुरुजींनी मला बोलावलं. मला वाटलं शाबासकी.

"कुसुम, चौथा मुद्दा तू पाहिला होता?"

"हो गुरुजी. घड्याळ लावून."

"घड्याळ पाहिलं. पोरगी पाहिली का?"

मी मनगटाकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "बाई मागच्या साली एकदा नापास झाली हाय. हा शेवटचा मोका होता. परीक्षक आठ दिवसानं पुन्हा येऊन राहिले, पुन्हा पाठ घेतीन; बाईले निरोप धाडतो. समोर फाइल उघडी, तिच्यात तुहा कागद. तो वाचूनच ते खुर्चीवर बसतीन. या डावी हुकलं तं चौदा साल पाण्यात, समजलं का?"

"मी कागद परत मागते."

"फाइलीतला कागद परत येत नाही व. आता तो खरा हाय का खोटा, एवढंच पाहाचं राह्यलं."

आठ दिवसांतले पहिले तीन मी स्वतःशी भांडण्यात घालवले. साडेचार मिनिटं झालीच होती ना? भाषा ग्रामीण होतीच ना? चौथ्या दिवशी ध्यानात आलं की ती भाषा म्हणजे माझ्या आईची भाषा. घर सोडून वर्षही झालं नव्हतं आणि मी आपल्याच घराला उजव्या रकान्यात टाकून आले होते. पेरू नकोसा झाला.

रविवारी बसनं मोहगावला गेले आणि तिथून पायी. पंचफुलाबाई अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. मला पाहून सूप थांबलं नाही. दोन पोरी दारात येऊन माझ्या घड्याळाकडे पाहू लागल्या. मी ते पदराखाली घेतलं.

"बाई, माझं चुकलं."

"कोणतं?" त्या म्हणाल्या. "चार मुद्दे होते."

धाकटीनं आतून पाण्याचा गिलास आणला. मी तो घटाघटा, डोळे मिटून, एका दमात रिकामा करायला निघाले, जणू त्यानं सगळं फिटणार होतं. पंचफुलाबाई सूप हलवत म्हणाल्या, "हळू प्या. ठसका लागन. इथं कोणी परीक्षक नाही मार्क द्याले."

ठसका लागलाच. पोरी हसल्या. बाई हसल्या नाहीत.

"मंदा बोलली होती," त्या म्हणाल्या.

"काय बोलली?"

"मी सांगितलं तं तुमी तेही न ऐकता लिवसान. तिलेच इचारा."

सोमवारी मधल्या सुट्टीत मी मंदाला शाळेमागच्या चिंचेखाली गाठलं. मनगटावरचं घड्याळ सोडून पिशवीत टाकलं. विचारलं, त्या दिवशी तू बाईंना काय सांगितलंस? मंदा गप्प. मी पुन्हा विचारणार होते. जीभ दाताखाली धरली. ती पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत होती. पिशवीतून घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, की माझ्या कानातच होती कुणास ठाऊक. सुट्टी संपत आली, आणि परीक्षक परवा येणार होते. मग मला दिसलं की पोरीचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. जणू शब्द दूरवरून चालत येतो.

"रेतीखाली राहते," मंदा म्हणाली. "आमी झिरा खोदतो. माय वाटीनं भरते."

"हेच सांगितलं होतंस?"

तिनं होकाराची मान डोलावली आणि पळाली. भूगोलाच्या पुस्तकात वाफ होती. नदी सुकल्यावर वाळूत खड्डा खणून पाणी काढतात ते पुस्तकात नव्हतं, माझ्या चार मुद्द्यांतही नव्हतं. ते मंदाकडे होतं, आणि ते यायला साडेचार मिनिटं लागत होती.

बुधवारी परीक्षक आले. फाइल उघडी, माझा कागद वर. पाठ सुरू व्हायच्या आत मी उभी राहिले. म्हणाले, "सर, चौथा मुद्दा खोटा है."

त्यांनी चष्मा काढला. "मतलब?"

"लड़की ने जवाब दिया था. मैंने देखा नहीं."

"देखा नहीं, और लिख दिया?"

"जी."

"दस्तखत किसके हैं?"

"मेरे ही हैं."

सगळा वर्ग, सगळे सोबती, दारात गुरुजी. पंचफुलाबाई खडू हातात धरून खिडकीबाहेर पाहत होत्या. परीक्षकांनी कागद फाडला नाही की खोडला नाही. नुसतं म्हणाले, "बैठिए. फिर से लिखिए."

तोच पाठ, तीच नदी. मला वाटलं होतं बाई या वेळी मंदाला टाळतील. मी असते तर तिला सुट्टीच दिली असती. बाईंनी तोच प्रश्न विचारला, वाफेचं उत्तर घेतलं आणि म्हणाल्या, "मंदा, आता तू."

मंदा उभी राहिली. आणि पुन्हा गप्प.

परीक्षकांची पेन्सिल फाइलीवर टक टक करू लागली. गुरुजींनी दाराची चौकट धरली. बाई मात्र अशा उभ्या, जशी गाडी यायची आहे हे माहीत असलेली बाई फाटकापाशी उभी असते. मी या वेळी मंदाकडे पाहत होते. ओठ हलले. पेन्सिल थांबली नाही. ओठ पुन्हा हलले.

"रेतीखाली," मंदा म्हणाली.

"जोरात सांग व माय, सायबाले ऐकू जाऊ दे."

"रेतीखाली राहते! झिरा खोदला का निंगते!"

"झिरा क्या होता है?" छिंदवाड्याच्या साहेबांनी विचारलं, आणि मग तो वर्ग कुणाच्या बापाला आवरला नसता. आमीबी खोदतो, आमचा मोठा हाय, तिच्या झिऱ्यात बेंडूक निघाला होता. सगळ्या पोरी एकदम साहेबांना शिकवू लागल्या. साहेब लिहून घेऊ लागले. मी कोपऱ्यात बसून डावा रकाना भरत होते, आणि जागा पुरेना म्हणून समासात शिरले होते.

पंचफुलाबाई पास झाल्या. मला तपासणीच्या मार्कांत शून्य मिळालं. गोल, सुबक, माझ्या सहीपेक्षा देखणं.

पण जोडी म्हणजे जोडी. दोन दिवसांनी माझा पाठ, आणि मागच्या बाकावर आखलेला कागद घेऊन पंचफुलाबाई. मी तीन रंगीत तक्ते नेले होते. पहिला खिळ्यावरून पडला. प्रश्न मीच विचारले आणि घाईघाईनं उत्तरंही मीच दिली. एकदा तर एका पोरीनं तोंड उघडलं तेवढ्यात मी पुढचा प्रश्न टाकला. ते मला त्याच क्षणी कळलं, आणि बाईंना दिसलं हेही कळलं.

बाई उठल्या. वाचू लागल्या. डावीकडे तीन मुद्दे, तिन्ही खरे; त्यातला एक तर मलाच ठाऊक नव्हता, की मी फळ्याकडे वळले तरी पोरांना पाठ दाखवत नाही. मग त्यांनी कागदाची घडी घातली.

"दोष?" परीक्षकांनी विचारलं.

"लिवाचं ते लिवलं जी."

उजवा रकाना कोरा होता. खाली सही.

पुढं माझं लग्न होऊन मी भोपाळला आले, ती इथलीच झाले. इथं माझी भाषा हिंदीनं खाल्ली, मग नातीच्या इंग्रजीनं. मराठी मंडळाच्या गणपतीत पुण्याकडच्या एक वहिनी मला म्हणाल्या, "तुमचं मराठी गोड आहे हो, थोडं हिंदीसारखं." मला मनापासून हसू आलं. भाषा ग्रामीण! माझाच मुद्दा नंबर दोन, इतक्या वर्षांनी पत्ता शोधत माझ्या दारी आला होता.

नात घरूनच बंगलोरच्या कंपनीचं काम करते. त्यांच्यात क्रिटिसिझम म्हणत नाहीत. फीडबॅक म्हणतात, आणि तो वर्षातून एकदा सोबत्यांनीच एकमेकांवर लिहायचा असतो. परवा लॅपटॉप मांडीवर घेऊन मला म्हणाली, "आजी, या मुलीबद्दल काय लिहू? ती मीटिंगमध्ये बोलतच नाही." माझ्या हातातली भाजी हातात राहिली. मी विचारलं, "तू थांबलीस का?" ती म्हणाली, कॉल अर्ध्या तासाचा असतो गं, आजी. मी तिला मंदा सांगितली. तिनं लॅपटॉप मिटला; पुढं काय लिहिलं ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

अजून वर्षा-दोन वर्षांनी पांढुर्ण्याला जाते. घाट उतरून पांढुर्ण्याअलीकडचं तिगाव आलं की गाडीतच माझी जीभ सैल होते. "करून राहिली", "येऊन राहिली" सगळं आपोआप परत येतं, आणि नात हेडफोन काढून ऐकत बसते. आई-बाबा राहिले नाहीत. घरात दुसरे लोक आहेत, आणि चांगले आहेत. तरी मी जाते. जगात बाकी सगळीकडे लोकांनी माझं बरं-वाईट लिहून दिलं, मी वाचलं आणि विसरले. पंचफुलाबाईंनी न लिहिलेलं तेवढं एकच माझ्याजवळ राहिलं, आणि ते त्याच मुलुखातलं आहे. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच. हे सगळं लिहिलं तेही त्या कोऱ्या जागेतच समजा.

त्या दिवशी पाठ संपल्यावर मी शाळेच्या ओट्यावर बाईंना अडवलं. त्या चपला घालत होत्या, मोहगावची बस लागली होती. मी विचारलं, बाई, उजवा रकाना कोरा का ठेवला? त्यांनी पट्टा लावला, पदर खोचला, आणि माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या:

"ती जागा तुमची हाय, कुसुमबाई. मी भरली असती तं तुमी एक डाव वाचून मोकळ्या झाल्या असत्या."